वस्तीत केलेला सर्व्हे वेगळा अन् वस्तीसोबत केलेलं संशोधन वेगळं, राजेहो

प्रोजेक्टचा सीझन आला की नागपुरात एमएसडब्ल्यूवाले, फिजिओवाले, स्पेशल बीएडवाले, सगळ्यांचे सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचे आराखडे, फिरायला लागतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांवर ठळक अक्षरात 'समुदाय-आधारित अपंगत्व संशोधन' लिहिलेलं असतं. उघडून बघा तर गाइडनं दिलेली प्रश्नावली, गड्डीगोदाम नाहीतर हिंगण्याकडची एखादी वस्ती, आशाताईंना सोबत घेऊन घरोघरी भरलेले फॉर्म, अन् शेवटी पाय चार्ट. हा सर्व्हे आहे बाप्पा! चांगला असेल, कामाचा असेल, पण सर्व्हेच आहे, वस्तीसोबत केलेलं संशोधन नाही.

सर्व्हे कसा करतात हे तुम्हाला माहीत आहे, सॅम्पल-संमतीपत्रात शिरत नाही. किरकोळ फरकही उरकून टाकतो. आकडे की मुलाखती, यावरून काहीच ठरत नाही, वस्तीसोबतच्या कामातही भरपूर आकडे असू शकतात. अन् सीबीआर, म्हणजे समुदाय-आधारित पुनर्वसन, ही तर तिसरीच गोष्ट. ती जागतिक आरोग्य संघटनेनं प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेनंतर पुढे आणली आणि २०१० च्या मार्गदर्शिकेत तिचे आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक जीवन, सक्षमीकरण असे पाच भाग मांडले. तो सेवेचा कार्यक्रम आहे, संशोधनाची पद्धत नाही.

आता घोळ होतो ती जागा. प्रश्न कोणी ठरवला, आणि तो चुकीचा आहे असं वस्तीतल्या माणसानं म्हटलं तर तो बदलतो का? बस, एवढंच बघायचं. माणसं किती भेटली, चहा किती घरी घेतला, हजेरीपत्रकावर सह्या किती, यातलं काही बघायचं नाही. हजेरीपत्रकाला 'सहभाग' म्हणणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो.

विदर्भातलंच उदाहरण घ्या, सिकलसेल, म्हणजे अधूनमधून जबर दुखणं उठवणारा रक्ताचा आनुवंशिक आजार. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ च प्रकार होते, २०१६ च्या कायद्यानं ते २१ केले आणि त्यात सिकलसेल आला. आता समजा तुम्ही अपंगत्व मोजायचे वॉशिंग्टन ग्रुपचे सहा प्रश्न घेऊन निघालात, जगभर वापरतात तेच: दिसणं, ऐकणं, चालणं, लक्षात राहणं, स्वतःची कामं, बोलणं-समजणं, यात अडचण किती? नववीतली सिकलसेलची पोरगी त्या दिवशी ठीक आहे, ती म्हणते चालता येतं, दिसतं, सगळं येतं, आणि तुमच्या फॉर्मवर सहाही ठिकाणी 'अडचण नाही'. दुखणं उठलं की हीच पोरगी आठवडाभर अंथरुणातून उठू शकत नाही, पण दुखण्याचा प्रश्नच त्या सहांत नाही. त्या प्रश्नांची चूक नाही बरं, ते सिकलसेलसाठी बनवलेच नव्हते.

हेच जर ती पोरगी, तिची आई आणि शाळेच्या मॅडम यांनी बसून ठरवलं असतं तर प्रश्न वेगळेच निघाले असते. दुखण्यापायी शाळा किती दिवस बुडाली, वर्गात मधेच पाणी प्यायला उठू देतात का (अंगातलं पाणी कमी झालं की दुखणं उठू शकतं, आणि इथल्या एप्रिल-मेबद्दल मी काय सांगू), पीटीच्या तासाला बसून राहिली तर सर 'नाटक करते' म्हणतात का, परीक्षा चुकली तर पुन्हा घेतात का? अन् अशा प्रश्नांतून निघालेलं उत्तर थेट शाळेत नेऊन ठेवता येतं, शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये ती आईच बोलू शकते. पाय चार्ट कुठे नेणार?

यावर हमखास येणारं वाक्य म्हणजे 'हे परदेशात चालतं, आपल्याकडे लोक शिकलेले नाहीत'. काहून? परदेशातही हाच घोळ होता. स्वतः व्हीलचेअर वापरणारे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ माइक ऑलिव्हर यांनी १९९२ मध्ये हीच तक्रार लिहून ठेवली की संशोधनाच्या सगळ्या दोऱ्या संशोधकाच्या हातात आहेत आणि अपंगांच्या पदरात त्यातून फारसं काही पडत नाही. आणि आपल्याकडे दिल्लीची प्रिया ही संस्था १९८२ पासून सहभागी संशोधनाचंच काम करते आहे, त्यामुळे ही काही बाहेरून आणलेली फॅशन नाही.

परदेशातलं बघायचंच असेल तर अमेरिकेतला आस्पायर गट बघा, २००६ पासूनचा. ऑटिस्टिक प्रौढ आणि विद्यापीठातले संशोधक बरोबरीच्या नात्यानं काम करतात, विषय निवडण्यापासून निष्कर्ष लिहिण्यापर्यंत. तयार प्रश्नावल्या समोर आल्या तेव्हा ऑटिस्टिक सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रश्न गोलमोल आहेत, नेमकं काय विचारलंय तेच कळत नाही, आणि मग शब्द बदलले गेले, अवघड शब्दांचे अर्थ सोबत दिले गेले. त्यातून पुढे दवाखान्यात वापरायचं साहित्य तयार झालं, रुग्णांसाठीही आणि डॉक्टरांसाठीही. म्हणजे डॉक्टरांना कोण शिकवतंय बघा.

आपल्याकडची खरी अडचण लोकांच्या शिक्षणाची नाही, फॉर्मची आहे. सिनॉप्सिसमध्ये आणि संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीला प्रश्नावली आधीच पक्की करून द्यावी लागते, वस्तीत जायच्या आधी, मग वस्तीनं ठरवायला उरलं काय? याला वाट आहे. पहिला टप्पा फक्त बैठकींचा दाखवायचा, त्याची परवानगी घ्यायची, प्रश्नावली नंतर दुरुस्ती म्हणून कमिटीकडे पाठवायची. वस्तीतले जे दोघं-तिघं सोबत काम करतील त्यांचा मोबदला बजेटमध्ये धरायचा, आणि त्यांना 'लाभार्थी' तर चुकूनही लिहू नका. वेळ लागतो, गाइड कुरकुरतात.

आणि हातात तीनच महिने असतील तर सरळ सर्व्हे करा, नीट करा आणि शीर्षकात 'सर्वेक्षण' लिहा. व्हायवाला कोणी त्याचे मार्क कापत नाही.