वसतिगृह आणि मेसचा अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि नेमकं कुठे अडतं

निवासी कॉलेजात प्रवेश झाला म्हणजे खोलीही मिळाली, असं बरेच जण धरून चालतात. तसं नसतं. प्रवेश वेगळा, वसतिगृहाचा अर्ज वेगळा, आणि मेसची निवड बहुधा त्याच अर्जाच्या शेवटच्या पानावर, जिथपर्यंत पोहोचताना माणूस कंटाळलेला असतो.

पूर्णवेळ अभ्यासक्रमाला पक्का झालेला प्रवेश ही पहिली अट. काही कॉलेजांत पहिल्या वर्षी आवारातच राहणं सक्तीचं असतं. घरून ये-जा करायची असेल, तर त्या सवलतीसाठीही अर्ज करावा लागतो. वरच्या वर्गांना जागा पुरत नाहीत. मग घरापासूनचं अंतर, अपंगत्व, आर्थिक स्थिती, गुण आणि कुठे कुठे चक्क चिठ्ठ्या टाकून यादी लागते.

प्रवेशपत्र, फीची पावती, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि फोटो हे कागद घरातच सापडतात. खोळंबा होतो तो वैद्यकीय प्रमाणपत्र आणि लसीकरणाच्या नोंदीपाशी. दाटीने राहणाऱ्या मुलांमध्ये मेनिंजायटिससारखा (मेंदूच्या आवरणांना सूज आणणारा) आजार पसरण्याचा धोका जास्त, म्हणून त्या लसीचा दाखला अनेक ठिकाणी मागतात. लस राहिली असेल तर ती निघायच्या आदल्या दिवसावर ढकलू नका. वय अठराच्या आत असेल तर पालकांचं संमतीपत्रही लागतं.

अर्जात खोलीचे पर्याय पसंतीक्रमाने मागतात: एकट्याची, दोघांची, तिघांची. एकच पर्याय भरून बाकीचे रकाने मोकळे सोडले, तर उरेल ती खोली पदरात पडते. 'रात्री किती वाजता झोपता?' या प्रश्नाला आई शेजारी बसलेली असताना सगळेच 'दहा' लिहितात. खरं लिहा, रूममेटची जोडी त्यावरूनच लावतात.

आता मेस. तीन वेळा गुणिले सात दिवस, म्हणजे पूर्ण योजनेत आठवड्याला 21 जेवणं. सकाळचा नाश्ता झोपेत बुडवणाऱ्याची त्यातली 7 जातात, 14 उरतात. तोच शनिवार-रविवार घरी जात असेल तर आणखी 4 गेली, राहिली 10. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे न खाल्लेल्या जेवणाचे! लहान योजना असेल तर आधी तीच घ्यावी असं माझं मत, पण सत्र सुरू झाल्यावर योजना वाढवता येते का आणि कधीपर्यंत, हे आधी वाचून घ्या. ॲलर्जी किंवा पथ्य असेल तर अर्जातल्या रकान्यावर विसंबू नका. कोणता पदार्थ चालत नाही हे स्पष्ट लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी जोडा आणि पहिल्याच दिवशी मेसच्या व्यवस्थापकांना भेटा.

यादीत नाव लागलं की अनामत रक्कम भरायला मोजके दिवस मिळतात. मुदत चुकली की जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला जाते. प्रवेश रद्द केल्यास अनामतीतलं किती परत मिळेल, ते रद्द करण्याच्या तारखेवर ठरतं.

खोलीचा ताबा घेताना सामानाच्या यादीवर सही घेतात. मी ती न वाचताच केली होती. खुर्चीचा मागचा पाय आधीच तडकलेला होता, यादीत मात्र 'सुस्थितीत'. वर्ष संपल्यावर खुर्चीचे पैसे माझ्या अनामतीतून कापले गेले. तेव्हा आधी खुर्ची हलवून, कपाटाचं कुलूप लावून, गादी उलटून पाहा. जे मोडलंय त्याचे फोटो काढा, यादीवर तसं लिहून घ्या आणि मग सही करा.