मसालेदार पुरुषी सुगंध

लवंग, दालचिनी, मिरी, वेलदोडा, जायफळ यांच्या वासावर बेतलेले आणि मुख्यतः पुरुषांसाठी विकले जाणारे अत्तर किंवा परफ्यूम. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातल्या मराठी घरांत त्याची ओळख दोन वाटांनी झाली. एक, लग्नकार्यात हाताच्या पाठीवर लावले जाणारे हिना किंवा शमामा अत्तर. दुसरी, दाढीनंतरचे लोशन. अमेरिकेतील शल्टन कंपनीने १९३८ मध्ये पुरुषांसाठी आणलेले ‘ओल्ड स्पाइस’ हे या दुसऱ्या प्रकारातले सर्वांत परिचित नाव.

असा सुगंध अंगावर तासातासाला बदलत जातो. हलके घटक आधी उडतात, जड घटक मागे राहतात. मिरीतले लिमोनीन आणि वेलदोड्यातले सिनिओल १७६ अंश सेल्सियसच्या आसपास उकळतात, तर लवंगेतले युजेनॉल २५४ अंशांना. म्हणून फवारल्याबरोबर नाकाला भिडतो तो मिरी-वेलदोड्याचा तरतरीत, काहीसा थंड वास, आणि तो अर्ध्या तासात ओसरू लागतो. मग लवंग-दालचिनीची ऊब वर येते. नुसते युजेनॉल जास्त झाले, तर दातांच्या दवाखान्याची आठवण होते. चांगल्या मिश्रणात व्हॅनिला किंवा राळेचा गोडवा त्याची धार मोडतो. मिरचीचे मात्र इथे काम नाही. तिच्यातले कॅप्सेसिन साध्या तापमानाला उडत नाही, त्यामुळे संकेश्वरी मिरचीचा झणका बाटलीत उतरत नाही.

शेवटी उरतात चंदन, ऊद, अंबर, कधी तंबाखू. सुगंधाची खरी पारख इथेच होते. दुकानात पहिल्या फवाऱ्यावर भुलून बाटली घेणे चुकीचे. मनगटावर लावून बाजारात फेरफटका मारावा, तीन-चार तासांनी पुन्हा हुंगावे. निपाणीच्या विडी-तंबाखूच्या वखारी ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत, त्यांना परफ्यूममधला तंबाखू चटकन ओळखू येतो, पण निराळा वाटतो : वखारीतला खोकवणारा ठसका त्यात नसतो, असतो तो सुकल्या पानाचा मधाळ, गवती वास.

टिकाऊपणावर हवामानाचा मोठा परिणाम होतो. अथणी-रायबागकडच्या एप्रिलच्या उन्हात त्वचा तापते, बाष्पीभवन वाढते. सुगंध सुरुवातीला डोके उठवतो आणि लवकर संपतो. बेळगावच्या डिसेंबरातल्या गारठ्यात तोच मिश्रमसाला हळूहळू उलगडतो. हिना-शमामाला ‘गरम’ अत्तर म्हणून थंडीत आणि वाळा-गुलाबाला उन्हाळ्यात वापरायचा जुना प्रघात अगदी योग्य आहे. कोरड्या त्वचेवर वास कमी टिकतो, तर कापडावर जास्त. मात्र तेलकट अत्तराचा डाग पांढऱ्या धोतरावर किंवा सदऱ्यावर पडतो, म्हणून कानात फाया ठेवणे सोयीचे. लावणाऱ्याचे नाक थोड्याच वेळात त्या वासाला सरावते. स्वतःला येईना म्हणून पुन्हा पुन्हा फवारले, तर एसटीत शेजारी बसलेल्याला त्रास होतो.

युजेनॉल आणि दालचिनीतील सिनामाल्डिहाइड काहींच्या त्वचेला चालत नाहीत. खाज, लाली, पुरळ येते. यामुळे सुगंधउद्योगात त्यांच्या प्रमाणावर मर्यादा घातलेल्या आहेत. ताज्या दाढीवर किंवा कापलेल्या जागी असे अत्तर लावू नये.