कबुलीजबाब कुणापुढे? दहशतवादाचे खटले आणि कोठडीतल्या छळाची पार्श्वभूमी

दहशतवादाच्या संशयिताचा छळ करावा की नाही, हा वाद जगभर बहुधा एकाच उदाहरणावर रंगतो. बॉम्ब कुठेतरी ठेवलेला आहे, घड्याळ चालू आहे आणि ठेवणारा पोलिसांच्या हाती लागला आहे. मग काय करायचं? इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९९९मध्ये हा युक्तिवाद ऐकून घेऊनही चौकशीतल्या बळजबरीच्या पद्धती बेकायदा ठरवल्या. अमेरिकेच्या न्याय खात्याने ऑगस्ट २००२मध्ये उलटी वाट धरली आणि छळाची व्याख्या इतकी आवळली की पाणी ओतून गुदमरवणंही तिच्याबाहेर राहिलं.

भारतात हा वाद त्या वाटेने गेला नाही. इथे छळाला उघड परवानगी मागितली गेली नाही. प्रश्न आला तो वरवर रुक्ष वाटणाऱ्या रूपात: आरोपीने गुन्हा कबूल केला, तर ती कबुली कुणापुढे दिलेली असेल तर न्यायालयात चालेल? कोठडीतल्या मारहाणीचा भारतातला कायदेशीर इतिहास म्हणजे बव्हंशी या एका प्रश्नाचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात महसुलापासून होते. मद्रास इलाख्यात सारावसुलीसाठी रयतेचा छळ होतो, अशा तक्रारी ब्रिटिश संसदेपर्यंत गेल्यावर १८५४मध्ये आयोग नेमला गेला आणि १८५५मध्ये त्याचा अहवाल आला. माणसाला वाकवून दोरीने तसाच बांधून ठेवणं, ‘किट्टी’ नावाच्या लाकडी चिमट्यात बोटं किंवा मांड्या आवळणं, असे प्रकार त्यात नोंदवलेले आहेत. सारा वसूल करणारी आणि गुन्हे शोधणारी माणसं बऱ्याचदा एकच होती, त्यामुळे हत्यारंही तीच.

पुढे १८६१च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि तिथून १८७२च्या पुरावा कायद्यात तीन कलमं आली. कलम २५: पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबित करता येणार नाही. कलम २६: पोलिसांच्या ताब्यात असताना इतर कुणापुढे दिलेली कबुलीही नाही, दंडाधिकारी समोर हजर असल्याशिवाय. कलम २७ हा या दोन्हींना अपवाद, त्याकडे पुढे येऊच. कायद्याचा मसुदा करणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने याच काळातलं एका अनुभवी मुलकी अधिकाऱ्याचं मत नोंदवून ठेवलं आहे: छळामागे आळस मोठा असतो, उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्याच्या डोळ्यांत तिखट चोळणं सोयीचं. कलम २५ची सगळी मेख या निरीक्षणात आहे. कबुली न्यायालयात चालणारच नसेल, तर ती पिळून काढण्याचं कारणच उरू नये, असा हिशेब होता.

ज्याला खरोखर कबुली द्यायची आहे, त्याने दंडाधिकाऱ्यापुढे जावं. फौजदारी संहितेच्या कलम १६४ची (आता नागरिक सुरक्षा संहितेचं १८३) पद्धत मुद्दाम संथ ठेवलेली आहे. ‘कबुली द्यायचं बंधन नाही, दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल’ हे दंडाधिकाऱ्याने समजावून सांगायचं. जबाब स्वेच्छेचा आहे का, याची प्रश्न विचारून खात्री करायची. सर्वोच्च न्यायालयाने १९५७मध्ये म्हटल्याप्रमाणे विचाराला साधारण किमान २४ तास द्यायचे, तेही पोलिसांपासून दूर. शेवटी स्वतःच्या सहीचं प्रमाणपत्र जोडायचं. आरोपीने ऐन वेळी नकार दिला, तर त्याला पुन्हा पोलीस कोठडीत धाडता येत नाही. हा शेवटचा नियम नसता, तर आधीच्या सगळ्यांना फारसा अर्थ उरला नसता.

आता कलम २७. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तुस्थिती उघड झाली, तर माहितीचा तेवढा भाग पुराव्यात घेता येतो. व्यवहारात दोन पंच बोलावले जातात, त्यांच्यासमोर आरोपीचं निवेदन लिहून घेतलं जातं, तो वाट दाखवतो, वस्तू काढून देतो, ती सील होते आणि जप्तीचा पंचनामा होतो. ‘ज्या सुरीने मी अमुकाला भोसकलं ती घराच्या छपरात लपवली आहे, काढून देतो’ या वाक्यातला कितवा शब्द चालेल, यावर प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय) १९४६च्या पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात निकाल दिला. सुरी छपरात आहे आणि ती आरोपीला ठाऊक आहे, एवढं चालेल. ‘ज्या सुरीने भोसकलं’ हे गाळायचं. रेघ नेमकी आहे, पण कलम २५ने बंद केलेलं दार इथे किलकिलं राहिलं. निवेदन कसं काढलं, यापेक्षा वस्तू सापडली का, याला वजन आलं. ठराविक पंच आणि आधीच ठाऊक असलेल्या जागेवरून झालेली ‘जप्ती’ हे यातले नेहमीचे दोष.

दहशतवादविरोधी कायद्यांनी ते दार सताड उघडलं. १९८५च्या पहिल्या टाडात (दहशतवादी आणि विध्वंसक कारवाया प्रतिबंधक कायदा) कबुलीची तरतूद नव्हती. १९८७च्या टाडात कलम १५ आलं. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली पुरावा ठरू लागली. साक्षीदार घाबरतात, कट गुप्त असतात, मग सिद्ध करायचं कसं, ही सरकारची बाजू होती आणि ती पोकळ नव्हती. पंजाबात त्या वर्षांत साक्ष द्यायला उभं राहणं जिवावरचं काम होतं. कर्तार सिंग खटल्यात मार्च १९९४मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कलम १५ बहुमताने वैध ठरवलं; दोघांनी विरोधात मत दिलं. बहुमताने सोबत सूचना दिल्या: जबाब मोकळ्या वातावरणात आणि आरोपीच्याच भाषेत घ्यावा, त्याला विनाविलंब मुख्य दंडाधिकाऱ्यापुढे न्यावं, छळाची तक्रार केली तर वैद्यकीय तपासणी व्हावी. पुढच्या निकालांत मात्र या सूचना पाळल्या नाहीत म्हणून कबुली बाद होत नाही, असं ठरत गेलं. मे १९९५मध्ये टाडाची मुदत संपली, पण जुने खटले त्याच कबुल्यांवर चालू राहिले.

राजीव गांधी हत्या खटल्यात १९९८मध्ये विशेष न्यायालयाने सर्व २६ आरोपींना फाशी सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने १९९९मध्ये हा टाडाखालचा दहशतवादी गुन्हाच नाही असं म्हटलं, १९ जणांना सोडलं, तरी टाडाखाली घेतलेल्या कबुल्या खुनाच्या आरोपासाठी ग्राह्य धरल्या. त्यातला पेरारिवलनचा जबाब पाहा. अटकेच्या वेळी तो १९ वर्षांचा होता आणि त्याच्यावरच्या आरोपाचा गाभा ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणून दिल्याचा होता. जबाब नोंदवणाऱ्या सीबीआयच्या अधीक्षकाने निवृत्तीनंतर, २०१३मध्ये, जाहीर सांगितलं की ‘बॅटऱ्या कशासाठी हव्या होत्या ते मला ठाऊक नव्हतं’ हे पेरारिवलनचं वाक्य आपण लिहूनच घेतलं नव्हतं. इथे मारहाण सिद्ध करायचीही गरज पडत नाही. एक वाक्य गळलं आणि माणूस फाशीच्या कोठडीत गेला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२मध्ये त्याची सुटका केली.

२००२च्या ‘पोटा’ या दहशतवाद प्रतिबंधक कायद्यात कलम ३२ने अधीक्षकापुढची कबुली कायम ठेवली, पण ४८ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेण्यासारख्या अटी कायद्यातच घातल्या. त्यांचा परिणाम दिसला. संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये कबुल्या बाजूला ठेवल्या, कारण वकिलाशी सल्लामसलतीचा हक्क आरोपींना सांगितला गेला नव्हता; अफझल गुरूची शिक्षा परिस्थितिजन्य पुराव्यावर टिकली. अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यात तर २०१४मध्ये सहाही आरोपी निर्दोष सुटले. हल्लेखोरांच्या खिशात सापडल्याचं सांगितलेली पत्रं, अंगावर गोळ्यांचा वर्षाव होऊनही, रक्ताच्या डागाविना होती. पोटा २००४मध्येच रद्द झाला होता.

महाराष्ट्रात मात्र १९९९चा मोक्का आजही आहे आणि त्याचं कलम १८ टाडाचाच वारसा चालवतं. संघटित गुन्हेगारीसाठीचा हा कायदा बॉम्बस्फोटांच्या खटल्यांतही लावला गेला. जबाब सहसा दोन भागांत होतो: पोलीस उपायुक्त आधी आरोपीला समज देतो, विचाराला साधारण २४ तास देतो, मग जबाब घेतो. फरक एवढाच की ते २४ तास आरोपी बहुधा पोलिसांच्याच कोठडीत काढतो, फार तर दुसऱ्या ठाण्याच्या. दंडाधिकाऱ्यापुढे दोन मिनिटं उभं राहून ‘मारलं’ म्हणायचं, तर परत कुठे जायचं आहे हे त्याला माहीत असतं. म्हणून जबाब फिरवला जातो तो न्यायालयीन कोठडीत पोचल्यावर, आणि मग ‘उशिरा सुचलेला बचाव’ म्हणून त्याकडे पाहिलं जातं.

मालेगावात सप्टेंबर २००६मध्ये झालेल्या स्फोटांत मोक्काखाली पकडलेल्या नऊ जणांना २०११मध्ये जामीन मिळाला. नंतरच्या तपासात भलतेच आरोपी पुढे आले आणि २०१६मध्ये विशेष न्यायालयाने पहिल्या गटाला आरोपमुक्त केलं. त्याआधी, ११ जुलै २००६ला, मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. विशेष न्यायालयाने २०१५मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी बाराही जणांना निर्दोष सोडलं. कबुल्यांतला काही मजकूर एकमेकांवरून उतरवल्यासारखा सारखा होता आणि छळाचा आरोप न्यायालयाला पटला. सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांनी हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, सुटका मात्र कायम ठेवली. या कबुल्या स्फोट होऊन गेल्यावर घेतलेल्या होत्या. चालू घड्याळाचा युक्तिवाद इथे लागूच होत नाही.

उलट उदाहरणही मुंबईचंच. कसाबची कबुली फेब्रुवारी २००९मध्ये दंडाधिकाऱ्यापुढे, विचाराला मुदत देऊन, कलम १६४च्या संथ पद्धतीने नोंदवली गेली. नंतर त्याने ती फिरवली, तरी सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये ती स्वेच्छेची मानली. २६/११नंतर डिसेंबर २००८मध्ये यूएपीए (बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा) कडक झाला, कोठडीची आणि आरोपपत्राची मुदत वाढली, पण पोलिसांपुढच्या कबुलीची तरतूद त्यात घातली गेली नाही. पुरावा कायद्याची जागा घेऊन १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३मध्ये जुनी २५, २६ आणि २७ एकत्र आली आहेत. गुजरातने मात्र २०१९मध्ये मोक्काच्या धर्तीवरचा आपला कायदा कबुलीच्या कलमासह लागू केला.

छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली, पण अनुसमर्थन (करार अंतिमतः बंधनकारक मानणं) अजून केलेलं नाही. त्यासाठीचं विधेयक मे २०१०मध्ये लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेच्या निवड समितीकडे गेलं आणि पुढे बारगळलं. विधी आयोगाने २०१७मध्ये आपल्या २७३व्या अहवालात नवा मसुदा दिला, तोही तसाच पडून आहे. याची किंमत तपास यंत्रणांनाच मोजावी लागते. डिसेंबर १९९५मध्ये पुरुलियावर विमानातून शस्त्रं टाकल्याच्या प्रकरणातला डॅनिश आरोपी किम डेव्ही ताब्यात मिळावा म्हणून भारत वर्षानुवर्षं प्रयत्न करतो आहे. डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११मध्ये, आणि पुन्हा ऑगस्ट २०२४मध्ये, प्रत्यार्पण नाकारलं. कारण दोन्ही वेळा तेच: भारतात त्याचा छळ होण्याचा धोका आहे.