नियोजनातला चौकोन रिकामा का?

वार्षिक सूत्र-नियोजन संच (इयत्ता १ ली ते ४ थी) मागवणाऱ्या शाळांसाठी

एप्रिलअखेर आमचे तक्ते शाळांकडे जातात आणि मेच्या पहिल्या आठवड्यात फोन सुरू होतात. बहुतेक फोनवर एकच विचारणा असते: "तक्ता छान झालाय, पण गणिताचे दोन चौकोन कोरेच आहेत. छपाईत सुटलं का?"

सुटलेलं नाही, मुद्दाम कोरे ठेवलेत. फोनवर दरवर्षी तेच सांगण्यापेक्षा एकदाचं छापून टाकावं, म्हणून हे पत्रक. छपाई घरचीच आहे. आमच्याकडून टाचण वह्या (रोजच्या पाठाची आखणी लिहायच्या) आणि हजेरीपट नेणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांना ते ठाऊक आहे.

सूत्र म्हणजे काही आठवडे अनेक विषयांना जोडणारा एक धागा, जसं 'आपले सण' किंवा 'आठवडी बाजार'. वर्षभराचे विषय चार-पाच मोठ्या सूत्रांत का गुंफायचे, हे तुम्हाला सांगायला नको. प्रशिक्षणांत ते पुरेसं ऐकून झालंय. आमचा तक्ता साधा आहे: उभ्या रकान्यांत सूत्रं, आडव्या ओळींत विषय. मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास आणि खाली कला-कार्यानुभव-शारीरिक शिक्षण. जिथे सूत्र आणि विषय खरोखर भेटतात तिथे काय करायचं ते लिहिलेलं असतं. जिथे भेटत नाहीत तिथे चौकोन कोरा. त्या आठवड्यांत तो विषय पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने, आपल्या वाटेने चालू द्यायचा.

नेमकं हेच पटत नाही. कोरा चौकोन दिसला की काम अर्धवट वाटतं. वर "केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळा तपासणारे अधिकारी) विचारतील" ही धास्ती. मग कुणीतरी पेन काढतं आणि चौकोन भरतो.

मोदकांचं गणित

चौकोन भरल्याने काय होतं ते सांगतो, कारण एकदा आम्हीही ती चूक केली आहे. एका शाळेने सगळे चौकोन भरून हवेतच असा हट्ट धरला आणि आम्ही मान डोलावली. ऑगस्ट-सप्टेंबरचं सूत्र होतं 'आपले सण'. तिसरीच्या गणिताच्या चौकोनात आम्ही लिहून दिलं: मोदकांची बेरीज-वजाबाकी. एका ताटात १५ मोदक, दुसऱ्यात ७, एकूण किती. ५२ मधले ३८ वाटले, उरले किती.

सप्टेंबरअखेर त्या वर्गाच्या बाई टाचण वह्या न्यायला दुकानात आल्या. तक्ता सोबत होता. तो काउंटरवर पसरून म्हणाल्या, "मोदक संपले, सूत्र बदललं, पण माझ्या अर्ध्या वर्गाला हातच्याची वजाबाकी अजून येत नाही. आता 'आपला किल्ला'मध्ये ती कुठे बसवू?"

त्यांचं म्हणणं रास्त होतं. १५ अधिक ७ मध्ये मोदकांचं काम काहीच नव्हतं. मोदक काढून तिथे खडू ठेवले असते तरी चाललं असतं. म्हणजे सूत्र गणिताला चिकटवलेलं होतं, गुंफलेलं नव्हतं. आणि हातच्याची वजाबाकी ही दशक मोडून त्याचे एकक करण्याची समज आहे. कुणाला ती चार दिवसांत येते, कुणाला तीन आठवडे लागतात. तिला सूत्राच्या तारखेला बांधलं, की सूत्र संपतं आणि वजाबाकी अर्ध्यावर राहते. पुढे दिवाळीआधी त्या शाळेचं निम्मं नियोजन नव्याने करावं लागलं. बाईंनी दोन महिन्यांची टाचणं पुन्हा लिहिली. आम्ही तक्ता फुकट छापून दिला, पण बाईंचे तास आम्हाला भरून देता आले नाहीत.

तेव्हापासून आम्ही एक कसोटी लावतो. सूत्र झाकून प्रश्न वाचायचा. तरीही तो सुटत असेल, तर तिथे सूत्राची गरज नव्हती. 'दीडशे मुलांना दोन-दोन मोदक द्यायचे, तर पिठी किती आणि नारळ किती?' हा प्रश्न मोदकांशिवाय सुटत नाही. आधी पोषण आहाराच्या ताईंना विचारावं लागतं की एक किलो पिठीत किती मोदक होतात, एका नारळाचं सारण किती मोदकांना पुरतं. हे गणित सणात खरोखर आहे. ते चौथीला देता येतं. तिसरीला जड जात असेल तर तिसरीचा चौकोन कोरा राहू द्या.

जिथे विषय आपणहून येतात

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर वाटेल आम्ही कामच कमी करतो. चौथीसाठी आमचं सगळ्यात जास्त मागवलं जाणारं सूत्र 'आठवडी बाजार' आहे. त्यात गणित ओढून आणावं लागत नाही, ते दारातच उभं असतं.

बाजारात किलो हे एकच माप नसतं. टोमॅटो पाव किलोने, मेथी जुडीने, केळी डझनाने, लिंबं शेकड्याने आणि मिरची वाट्याने. चार-चार मुलांच्या गटाला एकेक भाजी द्यायची. एकदा सकाळी आणि एकदा बाजार उठायच्या वेळी भाव विचारून वहीत लिहायचा. पालकांसोबत बाजारात जाणारी मुलं संध्याकाळचा भाव सहज आणतात. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर दोन रकाने झाले, की कुणीतरी विचारतंच, "बाई, संध्याकाळी मेथी निम्म्याला का देतात?" त्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकाच्या कुठल्या पानावर आहे ते शोधू नका. मेथी विकणाऱ्या मावशींना विचारा. त्या विचारण्यातच मराठीचा 'मुलाखत घेणे' हा भाग होतो. "वाट्याची मिरची किलोला किती पडली?" हे काढायला वाटा तोलावा लागतो, मग शाळेचा तराजू कपाटातून बाहेर येतो. भाजी कुठल्या गावाहून आली हे नकाशावर लावलं, की परिसर अभ्यासाची तासिका भरली.

आजी-आजोबांकडून जुनी मापं विचारून आणायला सांगा. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेरांची पायली. पायलीचा अर्धा, पाव, आठवा, सोळावा भाग मुलं हाताने ओतून पाहतात. अपूर्णांक शिकवायला याहून चांगलं साधन आम्ही तरी छापू शकलेलो नाही. आपल्याकडे दशमान वजनं-मापं १९५८ पासून लागू व्हायला लागली, पण कित्येक घरांत पायली अजून फळीवर आहे. तुमच्या भागात पायलीत किती किलो धान्य बसतं, ते तोलूनच ठरवा. गावोगावी आणि धान्यागणिक फरक पडतो. तो का पडतो, हा आणखी एक दिवस.

आता याच सूत्रात इंग्रजीचा चौकोन पाहा. आम्ही तो जवळजवळ कोरा ठेवलाय. बऱ्याच शाळा तिथे भाज्यांची नावं भरतात: टोमॅटो, कॅबेज, पोटॅटो. टोमॅटो तर मुलाला आधीपासून येतो. त्या तीन आठवड्यांत इंग्रजीचा एक चांगला पाठ वाचून झाला तर जास्त पदरात पडेल.

"पण सरकार तर एकात्मिक म्हणतंय"

हा दुसरा नेहमीचा प्रश्न. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विषयांच्या भिंती कमी करण्यावर भर आहे, हे खरं. पण निपुण भारत अभियान (२०२१) तिसरीपर्यंत वाचन, लेखन आणि संख्याज्ञान पक्कं करायला सांगतं, आणि ते रोजच्या सरावाशिवाय होत नाही. म्हणून आमच्या तक्त्यात सगळ्यात वर एक पट्टी सलग गेलेली दिसेल: रोज वाचन, रोज संख्या. ती कुठल्याही सूत्रात अडकवलेली नाही. ती पट्टी कापून त्या जागी सूत्र वाढवून द्या, अशी मागणी दरवर्षी येते. आम्ही ती मान्य करत नाही.

विषय एकमेकांत गुंफण्याची कल्पना नवीनही नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम, म्हणजे गांधीजींची हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना, पुढे आली, तेव्हा 'समवाय' (विषयांची सांगड) हा शब्द आपल्या अध्यापक विद्यालयांत रुळला. लोक समजतात की तिथे सगळं सूत कातायच्या टकळीला बांधलेलं होतं. प्रत्यक्षात समवायाची केंद्रं तीन होती: हस्तोद्योग, निसर्ग आणि भोवतालचा समाज. एक केंद्र पुरेना म्हणून तीन मानली, यातच काय ते आलं. केंद्रप्रमुखांनी कोऱ्या चौकोनाबद्दल विचारलंच, तर तक्त्याच्या मागच्या बाजूला आम्ही कारण आणि त्या आठवड्यांतल्या अध्ययन निष्पत्ती (मुलांना काय यायला हवं ते) छापून देतो. ते पान दाखवा.

बारा सूत्रं नकोत

काही शाळा महिन्याला एक अशी यादी पाठवतात: पाणी, झाडे, वाहने, आपले मदतनीस, वगैरे. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवलंय. सहा दिवसांचा आठवडा धरला तर हे तेहतीसेक आठवडे होतात. त्यातून संकलित चाचण्या, उजळणी, स्नेहसंमेलनाची धावपळ वजा करा. आम्ही पाच सूत्रं देतो, प्रत्येकी साधारण चार आठवड्यांची. त्यापुढचं प्रत्येक सूत्र फक्त भिंतीवरच्या तक्त्याची शोभा वाढवतं.

सूत्राचा महिना तुमच्या गावाप्रमाणे ठरतो, म्हणून आधी गावाचं वर्ष आम्हाला कळवा. उर्वरित महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात उन्हामुळे जूनच्या अखेरीला. पेरणीचं सूत्र दोघांना एकाच तारखेला देता येत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत दिवाळीनंतर पट कमी होतो. तिथे मोठं सूत्र पहिल्या सत्रातच घ्यावं लागतं, म्हणजे जाणारी मुलं निदान ते पूर्ण करून जातात. ऊस जिथे पिकतो त्या गावांत उलट, दिवाळीनंतर वर्गात नवी मुलं बसतात. अशा शाळांसाठी दुसऱ्या सत्राचं पहिलं सूत्र आम्ही 'माझं गाव, तुझं गाव' ठेवलंय. नवीन मुलाकडे सांगायला काहीतरी असतं आणि पहिल्या दिवसापासून वर्ग त्याचं ऐकतो.

मागच्या वर्षीचाच तक्ता तारखा बदलून चालेल का, असं विचारणाऱ्यांसाठी: २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला आहे. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरवरून ८ नोव्हेंबरवर गेलंय. चौथीचं 'आपला किल्ला' सूत्र आम्ही दिवाळीच्या सुट्टीला टेकवून ठेवतो, कारण अंगणातला मातीचा किल्ला हाच त्याचा गृहपाठ. तोवर मुलांनी परिसर अभ्यास भाग दोनमध्ये शिवछत्रपती वाचलेले असतात. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. जिंजी नकाशावर शोधताना मुलं दक्षिणेला किती दूर जावं लागतं ते बोटाने मोजतात. हे सूत्र अठरा दिवस अलीकडे घेतलं, तर मुलं सुट्टीआधीच किल्ला विसरलेली असतात.

मागणी पाठवताना

सूत्रांची यादी नाही पाठवलीत तरी चालेल. हे मात्र नक्की पाठवा: शाळा उघडण्याची तारीख, प्रत्येक इयत्तेचा पट, शिक्षक किती (दुशिक्षकी शाळेसाठी पहिली-दुसरीचा आणि तिसरी-चौथीचा जोडतक्ता वेगळा असतो), गावचा बाजारवार, यात्रा कधी, मुख्य पीक कोणतं आणि पेरणी-काढणी केव्हा, मुलं कुठे जातात-येतात. शहरातल्या शाळांनी पिकाच्या जागी शाळेपासून चालत जाता येतील अशी पाच ठिकाणं लिहावीत. टपाल कचेरी, अग्निशमन केंद्र, रसवंती, काहीही चालेल.

पहिलीला २०२५-२६ पासून नवा अभ्यासक्रम आला. पुढच्या इयत्तांची पुस्तकं बदलताहेत, म्हणून तुमच्या हातात असलेल्या पुस्तकाच्या अनुक्रमणिकेचा फोटोही जोडा. जुन्या पुस्तकावर बेतलेला तक्ता पाठवून नंतर सारवासारव करायला आम्हालाही आवडत नाही.

एरवीची दुरुस्ती एकदा विनामूल्य. तारखा सरकल्या, शिक्षक बदलले, पट वाढला, तर त्या दुरुस्त्यांचे पैसे वर्षभर कधीच नाहीत. मात्र 'कोरे चौकोन भरून द्या' ही दुरुस्ती आम्ही करत नाही, पैसे देऊनही. तुम्हाला स्वतः भरायचेच असतील तर तक्ता तुमचा आहे. फक्त पेन्सिलने भरा, खोडता येईल.

संचासोबत मिळणाऱ्या टाचण वहीत या वर्षीपासून एक छोटा बदल आहे. प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात 'सूत्रात / सूत्राबाहेर' अशी खूण करायची जागा दिली आहे. दुकानातल्या त्या बाईंचीच ही सूचना. महिन्याअखेर पानं उलटली की कुठला विषय मागे पडला ते लगेच दिसतं. वही सुटीही मिळते, तक्ता घेतलाच पाहिजे असं नाही.

१० मेपर्यंत आलेल्या मागण्या शाळा उघडण्याआधी पोचतात. त्यानंतरच्या मागण्या रांगेने. मे महिन्यात दुकान दुपारी एक ते चार बंद असतं, मशीनही तेव्हा बंद असतं, तेव्हा फोन संध्याकाळी करावा.