सीताफळ कडक का येतं आणि अंजीर मऊ का

नमस्कार, आमच्याकडून फळं घेणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. सीझन सुरू झाला की रोज दोन प्रकारचे फोन येतात. एक, "अहो सीताफळं दगडासारखी आलीत." दुसरा, "अंजीर पिचपिचीत आलंय, एक तर चक्क फाटलंय." दोन्ही तक्रारी दिसायला बरोबर आहेत पण आम्ही फळं मुद्दाम तशीच पाठवतो, कारण सीताफळ तोडल्यावर घरात पिकतं आणि अंजीर तोडलं की तिथेच थांबतं, पुढे मऊ पडेल पण गोड होणार नाही.

आधी सीताफळ. आमचा माल सासवडच्या आसपासचा, पुरंदर तालुक्यातला. झाडावर फळाचे डोळे उघडायला लागले, म्हणजे खवल्यांच्या मधल्या खाचा रुंद होऊन तिथे पिवळसर पांढरी रेघ दिसायला लागली, की तोडणी. त्याच्या आधी तोडलं तर ते पिकत नाही, नुसतं काळं पडून सुकतं, आणि झाडावरच पिकू दिलं तर पक्षी आणि खारी आपल्या आधी पोचतात. पहिल्या वर्षी लोकांना आवडेल म्हणून आम्ही पिकलेली सीताफळं क्रेटमध्ये भरून पाठवली, घरी पोचेपर्यंत खालच्या थराचा लगदा झालेला, वर साली तरंगत होत्या. तेव्हापासून कडकच पाठवतो.

घरी आल्यावर टोपलीत कागद टाकून एका थरात पसरा, घाई असेल तर तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा. दोन ते चार दिवस लागतात आणि सगळी एकदम पिकत नाहीत, म्हणून रोज सकाळी एकदा हात लावून बघा, देठाजवळ हलकं दाबलं की दबलं म्हणजे त्याच दिवशी खायचं. कच्चं सीताफळ फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका प्लीज, थंडीने साल काळी पडते आणि आतला गर पिकायचा तो पिकतच नाही. पिकल्यावर एखादा दिवस फ्रीज चालेल. कधीकधी खाचांमध्ये पांढरं कापसासारखं दिसतं, ती बुरशी नाही, पिठ्या ढेकूण नावाचा किडा असतो, जुन्या टूथब्रशने नळाखाली घासलं की निघतो.

नाव सीतेचं असलं तरी झाड मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण भागातलं, आपल्याकडे पोर्तुगीजांच्या काळात आलं असं मानतात. बंगालीत त्याला 'आता' (ata) म्हणतात आणि पोर्तुगीजमध्येही 'आता'च. इथे मात्र ते असं रुजलं की डोंगरउतारावर, मुरमाड जमिनीत कुणी न लावताही उगवतं. बीडच्या सीताफळाला 2016 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. बाजारात आता बार्शीकडचं एनएमके गोल्डन जातीचं सीताफळ पण भरपूर दिसतं, फळ मोठं, साल पिवळसर, बिया कमी, आणि टिकतं जास्त. भेट द्यायला, लांब पाठवायला तेच घ्या. पण स्वतः खायला आम्ही गावरानच घेतो, बिया जास्त असल्या तरी जो वास आणि रवाळपणा गावरानात आहे तो गोल्डनमध्ये नाही असं आमचं स्पष्ट मत आहे.

खायचं कसं तर हाताने दोन भाग करून चमच्याने, आणि सालीला चिकटलेला रवाळ गर सोडायचा नाही, तो सगळ्यात गोड. बासुंदी करायची असेल तर दूध आटवून पूर्ण थंड करा आणि मगच गर घाला, गर गॅसवर तापला की कडवट होतो, बऱ्याच जणांची बासुंदी इथेच बिघडते आणि नाव फळाला ठेवलं जातं. बिया काढायला मोठ्या भोकांच्या चाळणीवर गर हाताने घोळा. बियांसकट मिक्सर फिरवू नका, फुटलेली बी विषारी असते, आणि तिची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते, उवांसाठी बियांची पूड डोक्याला लावायचा जुना उपाय म्हणूनच आम्ही कुणाला सांगत नाही.

रामफळ सीताफळाचंच भावंड, उन्हाळा लागायच्या सुमारास येतं, साल गुळगुळीत तांबूस, गोडी थोडी कमी. ऑर्डर असेल तरच आणतो.

आता अंजीर. ह्या फळाचं मूळ पश्चिम आशियात, जॉर्डनच्या खोऱ्यात सापडलेली जळकी अंजिरं अकरा हजार वर्षांहून जुनी आहेत. पुरंदरला ते जमलं कारण पाऊस कमी, हवा कोरडी, जमीन निचऱ्याची. पुरंदरच्या अंजिरालाही 2016 लाच जीआय मिळालं. बहार दोन, पावसाळ्यानंतर थंडीत येतो तो खट्टा आणि उन्हाळ्याकडे येतो तो मीठा. नावातच सगळं आलं, आमच्याकडे पहिल्यांदा घेणार असाल तर मीठ्या बहाराची वाट बघा.

चांगलं अंजीर जांभळट तपकिरी, मानेजवळ जरा झुकलेलं, हातात जड लागतं, आणि खालच्या भोकाशी कधी मधासारखा थेंब आलेला असतो. सालीला बारीक चिरा पडल्या म्हणजे ते भरलंय, सडलं नाही. सडलेलं ओळखायला नाकाशी धरा, आंबूस वास आला तर टाकून द्या आणि आम्हाला फोटो पाठवा, पैसे परत देऊ. हिरवट कडक अंजीर मागू नका, त्याच्या देठातून पांढरा चीक येतो, ओठाला लागला तर आग होते. त्याच चिकाने दूधही फाटतं, म्हणून अंजिराचा शेक केला की लगेच प्या.

साल सोलायची गरज नाही, पाण्याखाली धरून तसंच खा, पण धुवायचं खायच्या आधीच, धुवून ठेवलं तर संध्याकाळपर्यंत जातं. डब्यात एका थरात पसरून फ्रीजमध्ये ठेवलं तर दोन दिवस. पुरंदरी अंजीर वाळवायला घेऊ नका, साल पातळ आणि रस जास्त, हे ताजंच खायचं फळ आहे.

पेरूबद्दल थोडक्यात. आम्ही सरदार देतो, ज्याला एल 49 किंवा लखनौ 49 पण म्हणतात, नावात लखनौ असलं तरी हा वाण निवडला गेला पुण्यातल्या गणेशखिंडीच्या बागेत. किंचित कडक असतानाच मीठ तिखट लावून खा.

अंजीर पहाटे तोडून त्याच दिवशी तुमच्याकडे येतं. म्हणून अंजिराची ऑर्डर देताना दुपारी घरी कोण असेल ते लिहा. कुणीच नसेल तर दुसरा दिवस सांगा, वॉचमनकडे उन्हात तीन तास राहिलेला बॉक्स आम्हाला तुम्हाला द्यायचा नाही. सीताफळाचं तसं नाही, ते कधीही ठेवून जाऊ.