स्केचला 'ओके' म्हणायच्या आधी हे वाचा

आमच्या स्टुडिओत फँटसी पेंटिंगची, म्हणजे तुमच्या माणसांना काल्पनिक जगात दाखवणाऱ्या चित्राची, ऑर्डर देणारे बहुतेक जण विचारतात, डिजिटलच आहे ना, मग पंधरा-वीस दिवस कशाला? आणि अर्ध्याअधिक ऑर्डरमध्ये रंगकाम झाल्यावर मेसेज येतो, 'जी, वाघाचं तोंड जरा डावीकडे करून द्या ना.' म्हणून हे लिहून राहिलो.

समजा तुमच्या मुलीला पंखवाल्या वाघावर बसवायचं आहे, मागे रामटेकचा गड, सूर्य मावळतीला. आम्ही आधी तीन-चार छोटी काळी-पांढरी स्केचेस करतो. कोण कुठे, उजेड कुठून, गडद काय अन् फिकं काय, बस एवढंच. इथे वाघ फिरवायला दहा मिनिटं लागतात, दोनदा सांगा, आम्ही पैसे घेत नाही.

पण रंग चढले की गोष्ट वेगळी. वाघाच्या पाठीवर केशरी ऊन असतं, तोच केशरी मुलीच्या फ्रॉकच्या कडेला उतरलेला असतो, पंखाची सावली तिच्या पायावर पडलेली असते. नुसता वाघ उलटा केला की त्याच्यावरचं ऊन भलत्याच बाजूने येतं, बघणाऱ्याला कारण कळत नाही पण चित्र खोटं वाटतं. 'लेयर वेगळे असतात, ओढून सरकवा' असं पण काही जण म्हणतात. लेयर म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर. केस, पिसं आणि मागचं धुकं एकमेकांत मिसळायला ते लेयर आम्ही एकत्र केलेले असतात, आणि १२ बाय १८ इंचाचं प्रिंट ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) काढायचं तर फाईल ३६०० बाय ५४०० पिक्सेलची होते, एवढ्या मोठ्या कॅनव्हासवर आयपॅड जास्त लेयर ठेवूच देत नाही. म्हणजे तो भाग पुन्हा रंगवा, दोन-तीन दिवस गेले. त्याचे पैसे आम्ही वेगळे लावतो आणि ते आम्हाला बरोबरच वाटतं.

तर स्केच आलं की लगेच अंगठा पाठवू नका. रात्रभर राहू द्या, घरी आजी-आजोबांना दाखवा, मोबाईलवर पाहा, लॅपटॉपवर पण पाहा.

ज्यांचं चित्र काढायचं त्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चेहऱ्याचे बारकावे जातात. स्क्रीनवर चमकणारा निळा-जांभळा कागदावर थोडा मंद येतो, त्यासाठी मोठ्या प्रिंटआधी छोटं टेस्ट प्रिंट आम्ही आमच्याकडून देतो.

वाढदिवसाची भेट असेल तर महिनाभर आधी सांगा, फ्रेमिंग पण इथेच होतं. नागपुरात सीताबर्डीला आलात तर स्टुडिओत डोकावून जा, जुन्या पेंटिंगचे स्केचपासूनचे सगळे टप्पे दाखवतो.