जपानच्या बागा आणि देवळं : आपल्या सुट्ट्यांमध्ये नेमकं काय बघायला मिळतं

जपानचं नाव काढलं की समोरून पहिला प्रश्न ठरलेला असतो, "साकुरा मिळेल ना?" तर खरं काय ते आधीच सांगून टाकतो. साकुरा म्हणजे चेरीचा बहर, टोकियो-क्योटोकडे तो येतो मार्चच्या शेवटी नाहीतर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, पूर्ण बहर जेमतेम आठवडाभर, त्यात जोराचा पाऊस झाला तर तेवढाही नाही, आणि आपल्याकडे नेमक्या तेव्हाच पोरांच्या वार्षिक परीक्षा. म्हणून घरात शाळेतली मुलं असतील तर साकुराचा हट्ट सोडा असं आम्ही टूरवाले तोंडावर सांगतो. रिटायर्ड मंडळी असाल, किंवा दोघंच जाणार असाल तर प्रश्नच नाही, मार्चअखेरचं बघू, फक्त हॉटेलं खूप आधी धरावी लागतात.

मे महिन्याची सुट्टी

२९ एप्रिल ते ५ मे या दरम्यान जपानमध्ये लागोपाठ सुट्ट्या येतात, गोल्डन वीक म्हणतात, अख्खा देश फिरायला बाहेर पडलेला असतो आणि हॉटेलचे रेट विचारू नका. तो आठवडा जाऊ द्या, मग निघा. फुलं बरीचशी संपलेली असतात पण मेपलची कोवळी हिरवी पानं आलेली असतात, ऊन त्यातून आरपार येतं, आणि आमचं मत विचाराल तर क्योटोच्या बागा तेव्हा जास्त निवांत बघता येतात.

र्‍योआन-जी नावाचं देऊळ आहे, तिथे पांढऱ्या खडीवर मांडलेले १५ दगड, बस. ना फूल ना पाणी. कुठेही बसून मोजा, एखादा तरी दगड दुसऱ्याच्या मागे लपतोच. खडीवर दाताळ्याने ओढलेल्या सरळ रेघा, दगडाजवळ आल्या की त्याच्याभोवती गोल फिरतात. पाच मिनिटांत फोटो काढून "झालं बघून" म्हणणारे खूप असतात, पैसे फुकट जातात त्यांचे. सकाळी ८ ला उघडतं (डिसेंबर ते फेब्रुवारी साडेआठला), तेव्हाच जा आणि लाकडी ओट्यावर अर्धा तास नुसतं बसा. दहानंतर शाळांच्या सहली येतात.

क्योटोजवळच्या उजी गावातलं ब्योदो-इन देऊळसुद्धा याच ट्रिपमध्ये घ्या. तिथला फिनिक्स हॉल १०५३ सालचा, समोर तळं आणि तळ्यात त्याची पडछाया. खिशातलं १० येनचं नाणं काढा, त्यावर हीच इमारत आहे. मुलांना हे जाम आवडतं.

पुणेकरांसाठी एक वेगळं. सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून बेतलंय ती ओकायामाची कोराकुएन, १७०० साली पूर्ण झालेली, जपानच्या तीन नावाजलेल्या बागांमधली एक. मोठमोठी हिरवळ, मधूनमधून चहाची झुडपं, चक्क भाताचा छोटा तुकडा, आणि मागे काळा किल्ला असा दिसतो की बागेचाच भाग वाटावा. ओसाकाहून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, साधारण पाऊण तास, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

जून-जुलै म्हणजे त्यांचा पावसाळा. लोक टाळतात, पण शेवाळाच्या बागा खऱ्या खुलतात त्या तेव्हाच. क्योटोचं साइहो-जी बघायचं तर आधी ऑनलाइन बुकिंग लागतंच, दारात जाऊन तिकीट मिळत नाही, बाकी देवळांपेक्षा महागही आहे आणि लहान मुलांना प्रवेश नाही. ऑगस्टमध्ये मात्र क्योटोला जाऊ नका. ३५ च्या वर पारा, वर दमटपणा, घामाने जीव नकोसा होतो.

दिवाळीची सुट्टी

इथे सगळ्यात जास्त गैरसमज. लाल मेपलचे फोटो बघून लोक दिवाळीत क्योटो मागतात, पण क्योटो लाल होतं नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. दिवाळी ऑक्टोबरात आली तर झाडं हिरवीच. मग काय करायचं, तर उत्तरेला किंवा उंचावर सरकायचं. टोकियोच्या उत्तरेला निक्को आहे, तिथला चुझेन्जी तलाव १२०० मीटरच्या वर आहे, तिथे रंग ऑक्टोबरच्या मध्यानंतर चढतो आणि खाली देवळांपाशी नोव्हेंबरच्या सुरुवातीला. घाटात ट्रॅफिक भयंकर, म्हणून भल्या पहाटे निघतो, कुरकुर चालणार नाही.

दिवाळी नोव्हेंबरात असेल तर कानाझावाची केनरोकुएन बाग सोडू नका. तिथला बर्फ ओला आणि जड, फांद्या मोडतात, म्हणून १ नोव्हेंबरपासून झाडांना दोरखंड बांधायला घेतात. आधी नंबर कारासाकी नावाच्या जुन्या पाइनचा. उंच खांब उभा करून माळी वर चढतो आणि दोरांचे गुंडाळे चारी बाजूंना खाली सोडतो, खालचे लोक एकेक फांदीला गाठ मारतात, हळूहळू झाडावर उघडलेल्या छत्रीसारखा आकार होतो. हे काम महिनाभर तरी चालतं, त्यामुळे थोडं मागेपुढे झालं तरी बघायला मिळतं.

जाण्याआधी थोडं

देवळात बूट काढावे लागतात, दिवसातून अनेकदा, तेव्हा लेसचे बूट घरी ठेवा आणि भोकं नसलेले मोजे घाला. शिंतो (जपानचा मूळ धर्म) देवस्थानात दोनदा वाकून दोन टाळ्या वाजवतात, बौद्ध देवळात टाळ्या नाहीत, नुसते हात जोडा. बहुतेक ठिकाणी साडेचार-पाचला बंद होतं आणि आत सोडणं अर्धा तास आधीच थांबतं. लहान देवळांत कार्ड चालेलच असं नाही, सुटे येन जवळ असू द्या. आजी-आजोबा बरोबर असतील तर आधी सांगा, खडीच्या वाटा आणि पायऱ्या गुडघ्यांना त्रास देतात, त्याप्रमाणे देवळं निवडू.

शाकाहारी लोकांनी नुसतं "नो मीट" म्हणून भागत नाही, साध्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो. आम्ही जपानी भाषेतलं कार्ड देतो, ते हॉटेलात दाखवा.

आणि हो, गणपती! टोकियोत आसाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन म्हणून देऊळ आहे, तिथे तो कांगितेन नावाने आहे. मूर्ती कोणालाच दाखवत नाहीत, बंद असते, आणि प्रसाद म्हणून वाहतात मुळा. आयटिनररीत नाही, पण ग्रुपमध्ये चार जणांनी जरी विचारलं तरी सकाळी नेऊन आणतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.